वाफ

आमच्या नेरुळच्या सोसायटीत पाण्याचा पंप कुरकुरायला लागला की प्लंबरच्या आधी अण्णांना बोलावणं येतं. अण्णांना आता ऐकायला कमी येतं. फोनवर बोलणं त्यांनी सोडलंय, दाराची बेल वाजून वाजून दमते, आणि टीव्ही इतका मोठा असतो की समोरच्या विंगेला आमच्या घरातल्या बातम्या फुकट मिळतात. पण पंपरूममध्ये गेले की ते खिशातून लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर काढतात, त्याचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवतात, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरतात आणि डोळे मिटतात. वॉचमन, सेक्रेटरी, मी, सगळे गप्प. मिनिटभरानं डोळे उघडतात. "मोटारीकडचं बेअरिंग गेलंय. पंधरा दिवस ओढेल."

मागच्या वेळी ते बाराव्या दिवशी गेलं. सोसायटीला अण्णांचं कौतुक वाटलं. अण्णांना मात्र ते तीन दिवस पुढं महिनाभर सलत होते.

कान त्यांनी विक्रांतवर घालवले आणि हे ऐकणंही तिथंच कमावलं. विक्रांत म्हणजे जुनी विक्रांत, आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि युद्ध संपल्यावर अर्धवट टाकून दिलेली नौका आपण १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. सातशे फूट लांब, हजारावर माणसांचं तरंगतं गाव. अण्णा १९७० ते ७४ तिच्यावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी होते. कागदोपत्री हुद्द्याचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण जहाजावर सगळे स्टोकरच म्हणत.

लोकांना हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे विमानं उतरताना बघितली असतील तुम्ही!" लग्नात, गणपतीत, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, कुठंही. आणि अण्णांचं उत्तरही ठरलेलं. "नाही. मी खाली होतो."

समोरच्याचा चेहरा पडतो. मला लहानपणी याची लाज वाटायची. शाळेत मी 'माझे बाबा विमानवाहू जहाजावर होते' असं छाती काढून सांगायचे आणि मुलांनी विमानांविषयी विचारलं की माझी गाडी अडायची. एकदा तर मी वर्गात ठोकून दिलं होतं की माझे वडील विमानांना झेंडे दाखवतात. ते घरी कळलं तेव्हा अण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "झेंडे दाखवणारा दुसरा असतो. त्याच्या पोराचा बाप कशाला पळवतेस?"

त्या रात्री जेवताना त्यांनी मला ताटावर विमानवाहू जहाज समजावून सांगितलं. ताट म्हणजे डेक. भाकरीचा तुकडा म्हणजे विमान. विमानाला उडायचं तर पंखांवरून पुरेसा वारा वाहायला हवा. जमिनीवर त्यासाठी लांबलचक धावपट्टी असते. इथं ताट संपलं की आमटी. मग काय करायचं? जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं आणि जहाजच जोरात पळवायचं, म्हणजे समोरचा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज होते. तरीही कमी पडतं. ते उरलेलं कॅटापुल्ट देतो. डेकच्या पोटात दोन लांब नळकांडी, त्यांत दट्टे, आणि दट्ट्यांना जोडलेला एक आकडा डेकवर आलेला. त्या आकड्यात विमान अडकवायचं आणि नळकांड्यांत एकदम वाफ सोडायची. डोळ्याचं पातं लवेपर्यंत विमान डेकच्या टोकाबाहेर. त्यांनी भाकरीचा तुकडा टिचकीनं उडवला, तो आईच्या ताटात पडला आणि आईनं दोघांनाही झापलं.

"जहाज कशावर पळतं?" त्यांनी विचारलं.

"इंजिनावर."

"इंजिन कशावर?"

"वाफेवर."

"आणि विमान कशानं फेकलं?"

"वाफेनं."

"वाफ कोण करतं?"

मी गप्प. त्यांनी आमटी भुरकली.

चार बॉयलर, दोन टर्बाइन, दोन पंखे, एवढ्यात त्यांची विक्रांत संपते. वरची विक्रांत त्यांच्यापर्यंत यायची ती आवाजानं. कॅटापुल्टचा दट्टा धावून शेवटी पाण्याच्या भांड्यात घुसतो आणि थांबतो, त्याचा दणका साऱ्या जहाजाच्या हाडांतून खाली यायचा. विमान उतरताना डोक्यावर धाडकन काहीतरी आदळायचं आणि मागोमाग विमानाला अडवणारी अरेस्टर वायर सुटत गेल्याचा लांब खरखराट. सी हॉक जेट वेगळं आदळायचं, अलिझे वेगळं. अलिझे हे पाणबुड्या हुडकणारं फ्रेंच विमान, पुढं पंखा असलेलं. धाडकन झालं आणि खरखराट आला नाही, तर समजायचं वायर हुकली, पायलट पुन्हा वर गेला. खाली सगळ्यांचे हात क्षणभर थांबायचे. "मग पुढच्या दणक्याची वाट बघायची," अण्णा म्हणतात. "खरखराट आला की कोणीतरी शिवी हासडायचं. बरं वाटून."

आणि दुसरी खूण म्हणजे गेजची सुई. कॅटापुल्ट वाफ पिऊन गेला की प्रेशर जरासं बसायचं, आणि सुई एक ढुशी खाऊन पुन्हा वर सरकायची. चारशे पौंडांच्या आसपास धरून ठेवायची असायची ती. अण्णांनी अशा ढुश्या किती मोजल्या कोण जाणे. उडणारं विमान त्यांनी बहुतेक वेळा असंच पाहिलं, पितळी रिंगेतल्या काळ्या सुईच्या हालचालीत. वॉच संपल्यावर वर जायला मिळायचंच, संध्याकाळी उड्डाणं नसली की डेकवर हवा खायला, पळायला सगळे जायचे. हँगरमध्ये पंख मिटून उभी असलेली विमानंही त्यांनी पुष्कळ पाहिली. पण विमानं उडवायची वेळ म्हणजे नेमकी खाली सगळे हात लागायची वेळ.

खालची हकिकत ते एकदम सांगत नाहीत. तुकड्यातुकड्यानं येते, बहुधा उन्हाळ्यात वीज गेल्यावर. "हे काय गरम!" अशी सुरुवात होते. बॉयलरसमोर उघड्या हातानं शिडीचा कठडा धरता यायचा नाही, हातात चिंधी हवीच. मिठाच्या गोळ्या, लिंबाचं सरबत, आणि तरीही बनियन पिळलं की खाली डबकं. चार चार तासांचे वॉच. त्यातला मध्यरात्री बारा ते चारचा मिडल वॉच सगळ्यात वाईट, कारण त्याच्या आधीची झोपही तुटते आणि नंतरचीही. स्टीम लाइनला बारीक गळती लागली तर ती डोळ्यांना दिसत नाही. चांगली तापलेली वाफ पांढरी नसतेच, ती हवेसारखी असते. नुसती शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी कुठून येते हे हातानं चाचपायला गेलात तर हात गेला. मग झाडूचा दांडा पुढं धरून हळूहळू चालायचं. दांडा जिथं चिरला जाईल तिथं गळती.

आमच्या घरी कुकरची रिंग सैल झाली की अण्णा अजून खराट्याची काडी घेऊन येतात आणि झाकणाच्या कडेनं फिरवतात. आई म्हणायची, "अहो, नवी रिंग वीस रुपयाला मिळते." ती आणायचेच, पण आधी काडी फिरायची.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडतो तो दिवा. फर्नेस ऑइल नीट जळलं नाही की धुराड्यातून काळा धूर निघतो. युद्धनौकेला तो परवडत नाही, लांबून दिसतो, आणि इथं तर मागून उतरायला येणाऱ्या पायलटच्या तोंडावर जातो. म्हणून धूर निघून जायच्या मार्गात एका बाजूला बल्ब लावलेला असायचा आणि दुसऱ्या बाजूला आरशांची नळी खाली स्टोकरपर्यंत आणलेली. नळीत डोकावलं की बल्ब दिसायचा. स्वच्छ दिसला तर ठीक, तांबूस झाला तर हवा कमी पडतेय, दिसेनासा झाला तर ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, शिव्या यायच्या बेतात आहेत. मिडल वॉचला दर थोड्या वेळानं त्या नळीत बघायचं. "आमच्यातला एकजण त्याला चांदोबा म्हणायचा," अण्णा म्हणाले. "वरच्या लोकांचा चांदोबा ढगात जायचा, आमचा काजळीत."

एकाहत्तरच्या लढाईबद्दल मी त्यांना पुष्कळ छेडलंय. डिसेंबर आला की टीव्हीवरचे निवेदक जो आवाज काढतात, त्या आवाजातलं काहीतरी मला अण्णांकडून हवं असायचं, हे मी कबूल करते. मिळालं ते असं. लढाईच्या आधीपासूनच एका बॉयलरला भेग होती. तीन बॉयलरवर जहाज चालवायचं, म्हणून वेगावर बंधन. एरवी चोवीस नॉटच्या वर जाणारी विक्रांत चौदा-सोळावर आणून ठेवलेली. ताटावरचं गणित आठवा: वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी, वारा कमी म्हणजे विमान उडवणं अवघड. अशा जहाजाला लढाईत न्यावं की बंदरात ठेवावं यावर वर खल झाला आणि शेवटी तिला बंगालच्या उपसागरात नेलं. कॅप्टन होते स्वराज प्रकाश. लढाईआधी तिला अंदमानात दडवून ठेवलं होतं. तिची शिकार करायला पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३ डिसेंबरच्या रात्री तिथंच बुडाली. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, मग चितगाव, आणि पुढं रोज.

यातलं बहुतेक मी वाचून त्यांना सांगितलं आहे. गाझीचं त्यांना नंतर कळलं. कॉक्स बाजार हे नाव त्यांनी पहिल्यांदा जहाजावरच्या लाउडस्पीकरवर ऐकलं, आणि पंख्यांच्या घोंगावण्यात ते 'काका बाजार' असं ऐकू आलं. कोणाच्या तरी काकाचा बाजार आपण उडवला, असा विनोद खाली दोन दिवस चालला. मग वरून कोणीतरी नीट नाव सांगितलं.

"भीती नाही वाटली?"

"कशाची?"

"बॉयलर फुटला असता तर? पाणबुडीनं टॉर्पेडो मारला असता तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "खाली असताना नाही वाटायची. वर झोपायला गेलं की वाटायची. खाली काम असतं." मग म्हणाले, "तीन बॉयलरवर चौघांचं काम काढायचं होतं. सुई पडू द्यायची नाही. एवढंच डोक्यात." लढाईची त्यांची सगळी कथा याच्यापेक्षा फार लांब होत नाही, आणि आता मी ओढत नाही.

पाण्याचा विषय काढला तर मात्र ते तासभर बोलतात.

अण्णा माण तालुक्यातले. दहिवडीच्या पुढं, जिथं पाऊस वाट चुकून येतो. सोळा-सतराव्या वर्षी भरतीत निवड झाली तोवर समुद्र सोडा, वाहती नदीसुद्धा त्यांनी पावसाळ्याचे चार दिवसच पाहिलेली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावर ट्रेनिंग झालं, तिथला पाऊस बघून त्यांनी घरी पत्र लिहिलं की इथं लोक पाण्याला कंटाळतात. आणि मग विक्रांत.

बॉयलरला समुद्राचं पाणी चालत नाही. मीठ नळ्यांत बसतं, नळ्या जळतात, बॉयलर जातो. म्हणून जहाजावर इव्हॅपोरेटर असतात: समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, गोडं पाणी धरायचं. त्यातलं सगळ्यात शुद्ध पाणी बॉयलरला. त्यात मीठ किती आहे हे सारखं तपासत राहायचं, जरा वाढलं की धावपळ. माणसांच्या प्यायच्या पाण्याला एवढे लाड नाहीत. आंघोळीचं पाणी तर ठरावीक वेळेलाच सुटायचं. साबण लावला आणि पाणी गेलं ही जहाजावरची नित्याची गोष्ट.

"आमच्या गावात माणसांना पाणी नाही," अण्णा म्हणतात, "आणि इथं मी बॉयलरच्या पाण्याला आईसारखा जपतोय."

लढाई डिसेंबरात संपली. पुढच्या वर्षी, बहात्तरला, महाराष्ट्रावर तो दुष्काळ आला. घरून येणारी इनलँड लेटरं जहाजामागं फिरत फ्लीट मेल ऑफिसमधून यायची, कधी महिन्याची शिळी. एका पत्रात विहीर आटल्याचं, पुढच्यात बैल विकल्याचं. मग चुलत्यानं लिहिलं की घरातली सगळी खडी फोडायला जातात. मनीऑर्डर जात होती, पण पैशानं विहिरीला पाणी येत नाही. अण्णांना रजा मिळाली तेव्हा ते एसटीनं दहिवडीला उतरून पुढं चालत गेले, तर वाटेत दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगाजवळ आजी बसलेली. डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात हातोडी. त्यांनी तिला ओळखलं, तिनं त्यांना नाही. जहाजावरच्या रेशननं ते भरले होते.

रात्री मिलोची लाल भाकरी होती. त्या अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची चव अण्णांना विचारू नये. गावात तेव्हा सगळ्यांना समुद्राचं फार कौतुक. कट्ट्यावर बसलेल्यांनी विचारलं, "एवढं पाणी असतंय, मग त्यातलं गोडं करून हिकडं का आणत न्हाईत?" अण्णांनी सांगितलं की करतो की, रोज करतो, बॉयलरसाठी. त्यावर कोणी काही बोललं नाही.

पण त्यांनी पिशवीतून एक बाटली आणली होती. सोड्याची काचेची बाटली, बूच मेण लावून बंद केलेलं. आत इव्हॅपोरेटरचं पाणी. कशाला आणली होती हे मी अनेकदा विचारलंय. "दाखवायला," एवढंच म्हणतात. आजीनं बाटली दिव्यासमोर धरली. एवढं स्वच्छ पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाटलीत काही आहे की नाही हेच कळत नव्हतं म्हणे. मग तिनं बूच काढून एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"ह्याला चव न्हाई रं," ती म्हणाली.

नसतेच. डिस्टिल्ड पाण्याला चव नसते, ते तोंडात पोकळ लागतं. तिनं उरलेलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं. तुळस वाळलेलीच होती, पण सवयीनं घातलं. अण्णा म्हणतात, नौदलातल्या पंधरा वर्षांत त्यांच्या कामावर एवढा खरा शेरा कोणी मारला नाही.

१९८३ ला ते पेन्शन घेऊन बाहेर पडले. बॉयलरचं काम येतं म्हटल्यावर ठाणे-बेलापूर रोडवर तेव्हा नोकरीला तोटा नव्हता; केमिकलच्या कारखान्यांत बॉयलर अटेंडंट म्हणून वीस-बावीस वर्षं गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, असं त्यांचं मत. "ते बॉयलर एका जागी उभे असायचे." नेरुळला सिडकोचं घर घेतलं ते त्याच काळात. नवी मुंबईला आता मोरबे धरणाचं पाणी चोवीस तासांच्या गोष्टी करण्याइतकं आहे, पण अण्णांची आंघोळ एका बादलीत होते आणि बादली कधी पुरी रिकामी होत नाही. तळाशी दोन तांबे राखून ठेवतात. कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही.

सकाळी ते ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती फिरायला जातात. तिथल्या एका बाकावर नौदलातल्या तिघांचा अड्डा आहे. एक गॅलीतले, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातले. त्यांची विक्रांत म्हणजे समुद्र खवळला की डाळ अर्ध्याच पातेल्यात शिजवायची, एवढ्यावरून कळणारा समुद्र. दुसरे वयानं लहान, विराटवर फ्लाइट डेकवर होते. विराट म्हणजे इंग्रजांची 'हर्मिस', फॉकलंडच्या लढाईतली. १९८७ मध्ये आपल्याकडे आली, २०१७ पर्यंत चालली. या काकांनी खरोखर विमानं बघितली, अगदी अंगावर घेतली. हॅरियर जहाजाच्या बाजूला हवेत थांबायचं, मग आडवं सरकून डेकवर यायचं आणि सरळ खाली बसायचं; त्या गरम झोतात उभं राहायचं. बसलं की चाकांना चॉक, साखळ्यांनी लॅशिंग, नाहीतर जहाज डोललं की विमान पाण्यात. उड्डाणांच्या आधी सगळे एका रांगेत खांद्याला खांदा लावून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालायचे. एखादा स्क्रू, एखादा खडा इंजिनानं ओढला की संपलं. हे काका अजून तळ्याभोवती मान खाली घालूनच चालतात. फेरी संपली की खिशातून बाटलीची झाकणं, खिळे, एकदा तर कोणाच्या तरी पैंजणाचा घुंगरू, असा ऐवज बाकावर मांडतात.

तिघांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही. विराटवाले म्हणतात डेकवरच्या माणसाला जहाज कळतं. गॅलीवाले म्हणतात, जेवायला सगळे आमच्याकडेच येतात, आम्हाला विचारा. अण्णा म्हणतात, "तुमच्या हॅरियरला कॅटापुल्टच लागत नव्हता, मग खालचा माणूस तुमच्यासाठी परकाच." एका सकाळी मी त्यांना आणायला गेले होते आणि बाकाच्या मागं उभं राहून ऐकत होते. तेव्हा लक्षात आलं, अख्खं जहाज यांतल्या एकानंही पाहिलेलं नाही. गॅलीवाल्या काकांना कॅटापुल्टचा दणका म्हणजे फडताळातल्या ताटल्यांचा आवाज होता, इतकी वर्षं. त्यानंच सुई पडायची हे अण्णांनी त्यांना त्या बाकावर सांगितलं. दोघंही सत्तरी ओलांडलेले. "असं होय?" म्हणून गॅलीवाले काका बराच वेळ तळ्याकडे बघत बसले.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत दाखल झाली तो सोहळा आम्ही सगळ्यांनी घरी टीव्हीवर पाहिला. नव्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट बघून मी भारावले होते. अण्णांनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळूच, "बॉयलर किती?"

"नाहीत, अण्णा. गॅस टर्बाइन आहेत. चार."

"कॅटापुल्ट?"

"नाही. पुढं डेकला चढ आहे, त्यावरून विमानं उडतात."

"वाफच नाही?"

"नाही."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. पोरं भाजणार नाहीत."

जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. नंतर काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आम्ही एकदा नेव्ही वीकमध्ये गेलो होतो. डेकवर पोरं विमानांसमोर फोटो काढत होती. अण्णा आम्हाला सोडून एका बंद हॅचपाशी गेले. साखळी लावलेली. तिथल्या तरुण नौसैनिकाला त्यांनी खाली जाऊ का विचारलं, त्यानं अदबीनं नाही सांगितलं. "खाली काही नाही, सर," तो म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. खाली दिवे नाहीत, शिड्या धड नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं असणार. अण्णा त्याला "ठीक आहे" म्हणाले आणि मला म्हणाले, "चल, तुझ्या झेंडेवाल्याची जागा दाखवतो."

मग ते संग्रहालयही बंद झालं. २०१४ च्या मे महिन्यात तिला मुंबईतच दारूखान्याला, जहाजं मोडीत काढतात तिथं, ओढून नेलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि नोव्हेंबरात तोडायला सुरुवात झाली. मी तेव्हा रोज नेरुळहून सीएसटीला जायचे. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, ही स्टेशनं हार्बरवाल्यांची झोप पुरी करायची जागा. त्या दिवसांत मात्र मी लेडीज डब्याच्या पूर्वेकडच्या दारात उभी राहायचे. दिसायचं काही नाही. पत्र्याच्या शेड, भिंती, क्रेनची एखादी मान. आत कुठंतरी गॅस कटर चालू असणार.

एका रविवारी अण्णाच म्हणाले, जाऊन येऊ. रे रोडला उतरून चालत गेलो. आत सोडलं नाही, सोडणार नाहीत हे माहीतच होतं. बाहेरच्या रस्त्यावर मोडीत निघालेल्या जहाजांच्या सामानाची दुकानं: दोरखंड, पोर्टहोल, लाइफ जॅकेटं, मोठमोठे व्हॉल्व्ह. अण्णांच्या हाताची सवय मी तिथं पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक व्हॉल्व्हचं चाक ते अर्धा फेरा फिरवून बघत होते आणि होतं तिथं परत आणून ठेवत होते.

एका दुकानात पितळी रिंगेचं प्रेशर गेज होतं, ताटलीएवढं. दुकानदारानं आम्हाला हेरलं. "विक्रांत का है, साहब. लास्ट पीस." अण्णांनी ते उचललं, चष्मा वर केला, उलटं करून मागची आट्याची बाजू बघितली, बाहीनं काच पुसली.

"विक्रांतचं नाही," ते मला मराठीत म्हणाले. "हे किलोत आहे. आमची पौंडात होती. कुठल्यातरी मालवाहू जहाजाचं असणार."

"मग ठेवा."

"चालू आहे पण," ते म्हणाले. आणि साडेतीनशेला घेतलं.

तेच गेज आता आमच्या पंपरूममध्ये आहे. अण्णांनी स्वतः आटे जुळवून पाइपाला बसवलं. चाळीस किलोपर्यंतचं गेज आणि आमचा पंप मारतो जेमतेम तीन किलो, त्यामुळे त्याचा तसा काही उपयोग नाही. पण सोसायटीत ते विक्रांतचं म्हणूनच प्रसिद्ध आहे. अण्णांनी पहिली दोन वर्षं सगळ्यांना खरं सांगितलं, मग नाद सोडला. नवीन भाडेकरू आला की वॉचमन त्याला पंपरूम दाखवतो, मीटरच्या आधी गेज.

परवा नवं बेअरिंग बसवल्यावर पंप चालू करून बघायचा होता. इलेक्ट्रिशियननं विचारलं, "काका, मारू का स्विच?" अण्णांना ऐकू गेलं नाही. ते गेजच्या काचेला नाक लावून उभे होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी न वळता अंगठा वर केला. पंप सुरू झाला. सुई शून्यापासून केसभर हलली, मला तर हललेली कळलीसुद्धा नाही.

"आली," अण्णा म्हणाले.